वारा कुणाचा, पंखा कुणाचा?



पुण्याहून एस.टी.ने नगरकडे येताना शिरूरला घोडनदी ओलांडली, की सुप्याच्या आसपास डोंगरमाथ्यावरचे पांढरे पंखे दिसू लागतात. खिडकीशी बसलेलं पोर विचारतं, "हे कुणाचे?" आणि शेजारचा सांगतो, "असतील सरकारचे." (जिल्ह्याचे नाव २०२४ साली अहिल्यानगर झाले, पण एस.टी.त अजून 'एक नगर द्या' असेच ऐकू येते.) पंखे सरकारचे नाहीत. मग कुणाचे? आज तोच हिशेब पाहू, कारण आता हा प्रश्न डोंगरावरून खाली आपल्या बांधापर्यंत आला आहे.

सुरुवात पाण्याची. प्रवरेवरचे भंडारदऱ्याचे धरण १९२६ साली पुरे झाले, ते पाटाच्या पाण्यासाठी. त्याच्या पाण्यावर १२ मेगावॉटचे वीजघर आले ते १९८६ साली, म्हणजे साठ वर्षांनी. वीजघर सरकारचे, पुढे चालवायला ते खासगी कंपनीकडे दिले गेले. मालक एक, चालवणारा दुसरा. ही जोडी ध्यानात ठेवा, पुढे पुन्हा भेटेल.

त्याच प्रवरेच्या पाण्यावर लोणीला निराळी गोष्ट घडली. विठ्ठलराव विखे पाटील आणि अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ यांनी शेतकऱ्यांचे भाग गोळा करून सहकारी साखर कारखाना काढला आणि १९५० च्या अखेरीस त्याचे गाळप सुरू झाले. रस काढल्यावर उरणारी चिपाडे, कारखान्याच्या भाषेत बगॅस, बॉयलरखाली जाळायची, वाफ करायची, त्या वाफेवर यंत्रे चालवायची, ही साखर कारखान्यांची जुनीच रीत. पुढे मोठे बॉयलर आले, आणि जिल्ह्यातले कारखाने उरलेली वीज विकू लागले. ऊस आपला, चिपाड आपले, कारखानाही भागधारकांचा. मात्र सहकाराचे नाव दिले म्हणजे सगळे सुरळीत चालते, असेही नाही हं! श्रीरामपूरच्या मुळा-प्रवरा वीज संस्थेने चाळीस वर्षे गावोगाव वीज वाटली, पण ती वीज मंडळाकडून विकत घेतलेली होती. थकबाकीचा वाद वाढत गेला आणि २०११ च्या जानेवारीअखेर परवाना संपला.

आता वारा. त्याचा वेग दुप्पट झाला, की त्यातली शक्ती दुप्पट नव्हे, आठपट होते. म्हणून पंख्याला उंच माथा लागतो. पारनेरच्या आणि नगरच्या उघड्या माळांवर जून ते सप्टेंबर वारा घोंघावतो, तेव्हा खरी कमाई. ज्या माळावर कुसळांखेरीज काही येत नव्हते, तिथे गिऱ्हाईक आले! १९९८ साली राज्याने पवनऊर्जेचे धोरण आणले. विक्रीकरात सवलत मिळे. शिवाय त्या काळी आयकरात पंख्याची सगळी किंमत पहिल्याच वर्षी घसारा म्हणून दाखवता येई. त्यामुळे ज्यांचा विजेशी काडीचा संबंध नव्हता, असे कारखानदारही पंख्याचे मालक झाले. पंखे करणारी कंपनी जागा शोधी, जमीन घेई, मनोरा उभारी, देखभालही तीच करी. मालकाने पैसे भरले की झाले. माझ्या मते ही सवलत उलटी होती. वीज किती काढली याला नव्हे, तर पंखा उभा केला यालाच बक्षीस!

२००३ साली वीज नियामक आयोगाने नव्या पंख्यांच्या विजेला युनिटला साडेतीन रुपये दर ठरवला. तो तेरा वर्षे दरसाल १५ पैशांनी वाढायचा होता. मग हिशेब बसू लागला. खांडक्याला टाटा पॉवरचे ५०.४ मेगावॉटचे पवनक्षेत्र उभे राहिले ते त्यानंतर. ज्याने माळ विकला, त्याला एकदाच रक्कम मिळाली. वाढत्या दरात त्याचा वाटा नव्हता.

आता सूर्याकडे वळू. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २०१७ साली निघाली आणि तिच्या पहिल्या प्रयोगांतला एक राळेगणसिद्धीचा. २०२३ पासून खासगी जमिनीला हेक्टरी वर्षाला १,२५,००० रुपये भाडे, दरसाल तीन टक्के वाढीने, असा ठराव आहे. शिक्षकबंधूंनी हे गणित फळ्यावर घालावेच. एका मेगावॉटला चार-पाच एकर लागतात. त्याचे भाडे दोन ते अडीच लाख. तेवढ्याच जागेतून वर्षाला साधारण पंधरा लाख युनिट वीज निघते. युनिटला तीन रुपये धरले, तर पंचेचाळीस लाख. फरक डोळ्यांत भरतो खरा, पण त्यातून कोट्यवधीच्या कर्जाचे हप्ते, विमा, काचा धुणे, चोरीची राखण, सगळे भागवायचे असते. केंद्राच्या कुसुम योजनेत, २०१९ पासून, शेतकऱ्याला किंवा शेतकऱ्यांच्या संस्थेला अर्धा ते दोन मेगावॉटचा प्रकल्प स्वतः काढता येतो. लोणीला जमले ते इथे का जमू नये, असे वाटते. पण बँकेला आपला वाटा रोख दाखवायचा म्हटले, की बैठकीतली निम्मी मंडळी उठतात.

आणि नुसते भाड्यानेच द्यायचे, तर सही करण्यापूर्वी शेवटच्या वर्षाचा आकडा काढून पाहा. हेक्टरी सव्वा लाखाचे पंचविसाव्या वर्षी सुमारे २ लाख ५४ हजार होतात. कंपनीच्या विजेचा दर मात्र पहिल्या वर्षी जो, तोच पंचविसाव्या वर्षी.