मार्गारेट रुदरफोर्ड : वेडाची धास्ती आणि हास्याची कला

१९२५ सालीं लंडनच्या ओल्ड व्हिक नाट्यगृहांत एक बाई उमेदवार म्हणून दाखल झाल्या. वय तेहतीस! रूप नायिकेचें नव्हे. तोंवर पियानोच्या शिकवण्या चालत. मावशीनें मागें ठेवलेल्या पैशावर त्यांनीं ही वाट धरली.

त्या मार्गारेट रुदरफोर्ड. जन्म १८९२ चा. घराण्याचा इतिहास मात्र भीषण! १८८३ सालीं वेडाच्या भरांत त्यांच्या वडिलांनीं जन्मदात्या पित्याचाच खून केला होता. वेड्यांच्या इस्पितळांतून सुटल्यावर वडिलांनीं आडनांव बदललें. पुढें तान्ह्या मुलीसह हें कुटुंब हिंदुस्थानांत आलें. येथेंच आईनें आत्महत्या केली, व तीन वर्षांची पोर इंग्लंडांत मावशीच्या ओटींत पडली. पुढें हें कळलें, तेव्हांपासून आपणांसही वेड लागेल ही धास्ती त्यांना जन्मभर पुरली.

१९४१ सालीं नोएल कॉवर्डच्या 'ब्लाइद स्पिरिट' नाटकांत मृतात्म्यांना बोलावणाऱ्या मादाम अर्कातीची भूमिका त्यांच्याकडे आली. अशा लोकांची टवाळी करणें त्यांना रुचेना. अखेर त्यांनीं ती भूमिका पूर्ण गांभीर्यानें वठविली, आणि प्रेक्षागृह हंसून लोटपोट झालें! विक्षिप्त माणसाकडे त्या वरून पाहत नसत. त्यांच्या विनोदाचें मर्म हेंच असावें.

१९६४ सालीं, वयाच्या एकाहत्तराव्या वर्षीं, त्यांना ऑस्कर पारितोषिक मिळालें. त्याच सुमारास चार चित्रपटांत त्या मिस मार्पल झाल्या : अंगावर स्वतःचेच कपडे, आणि शेजारीं भित्र्या ग्रंथपालाच्या वेषांत पति स्ट्रिंगर डेव्हिस. १९७२ सालीं त्या निवर्तल्या.