क्षयरोगाची औषधे आणि लघवीची तपासणी

रावेर परिसरातील क्षयरोगाचे (टीबीचे) अनेक रुग्ण गोळ्या सुरू झाल्यावर घाबरून विचारतात, "डॉक्टर, लघवी केशरी होतेय, किडनी तर खराब झाली नाही ना?" काही जण या भीतीने गोळ्या बंदही करतात. खरे तर हा रंग रिफाम्पिसिन या औषधाचा असतो आणि तो निरुपद्रवी आहे.

रुग्ण औषध घेतो की नाही हे लघवीवरून ओळखण्याची पद्धत मात्र रिफाम्पिसिनपेक्षा जुनी आहे. पूर्वी क्षयरोग्याला महिनोन्‌महिने सॅनेटोरियममध्ये ठेवत. मिरजेजवळच्या वानलेसवाडीला असेच आरोग्यधाम होते. पण रुग्ण लाखो आणि खाटा थोड्या. मग घरीच उपचार केले तर? हे तपासण्यासाठी 1956 मध्ये मद्रासला एक केंद्र सुरू झाले. तेथे निम्म्या रुग्णांना सॅनेटोरियममध्ये, तर निम्म्यांना घरी ठेवून वर्षभर आयसोनियाझिड आणि पास ही औषधे दिली गेली.

घरचे रुग्ण गोळ्या खरेच घेतात का, हे पाहण्यासाठी कर्मचारी न सांगता घरी जाऊन लघवीचा नमुना घेत. त्यात फेरिक क्लोराइड टाकले की पासमुळे रंग बदले. 1959 मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. गरिबी आणि दाटीवाटी असूनही घरचे रुग्ण सॅनेटोरियममधल्यांइतकेच चांगले बरे झाले होते. आज आपण घरी राहून उपचार घेतो, त्याचा पाया हा आहे.

या तपासणीची मर्यादाही लक्षात आली. लघवी फक्त अलीकडचा डोस सांगते, मागच्या आठवड्यातले चुकलेले डोस सांगत नाही. म्हणून पुढे मद्रासलाच डोळ्यांसमोर औषध देण्याचे प्रयोग झाले. त्याच विचारातून 'डॉट्स' आले. 1997 पासून ते भारताच्या सुधारित कार्यक्रमात राबवले गेले.

रुग्णांनी एवढे लक्षात ठेवावे:

• केशरी लघवी म्हणजे औषध शरीरात गेले. आजार बरा झाला असा त्याचा अर्थ नाही. ते थुंकीच्या तपासणीतून कळते, म्हणून ती सांगितलेल्या वेळी करावी.
• डोळे पिवळे होणे, सतत उलट्या, भूक मरणे आणि चहासारखी गडद लघवी ही यकृताला त्रास झाल्याची लक्षणे असू शकतात. अशा वेळी त्याच दिवशी डॉक्टरांना भेटावे.
• बरे वाटले तरी गोळ्या स्वतःहून थांबवू नयेत.