भुदरगडची वाट

बिद्री सोडून मोटार गारगोटीच्या रस्त्याला लागली, कीं दूधगंगेकांठचे उंसाचे मळे मागें पडतात आणि मुदाळ तिठ्यापुढें डोंगर जवळ येऊं लागतात. गारगोटीहून पेठ शिवापूरमार्गें वाहन भुदरगडाच्या माथ्यापर्यंत जातें. प्रवासी भैरवनाथाचें देऊळ व तळें पाहतो आणि पडक्या तटाचा दोष काळाला देऊन परततो.

परंतु हा काळावर अन्याय होय. गडाच्या चाकरीबद्दल गडकऱ्यांकडे पिढ्यान् पिढ्या जमिनी होत्या. राजा अल्पवयी असतां कोल्हापूरचा कारभार कंपनी सरकारच्या तंत्रानें चालूं लागला आणि या जमिनी मामलेदारांच्या हवालीं झाल्या. 1844 सालीं सामानगडानें दरवाजे लावले. पाठोपाठ भुदरगडही उठला. 13 ऑक्टोबरला सामानगड पडला. भुदरगडही फार काळ टिकला नाहीं. पुन्हां कोणी गडाच्या आश्रयानें उठूं नये, म्हणून इंग्रजांनीं तट पाडले.

ज्या चढणीनें गड राखला, ती आज मोटार सहज चढते. तेथें क्षणभर थांबून त्या तटाकडे पाहावें. तो केवळ ऊनपावसानें ढासळलेला नाहीं. भाकरी गेलेल्या माणसांच्या बंडाला मिळालेली ती शिक्षा आहे.