कृत, कारित, अनुमोदित

हल्ली घरोघरी मोबाइलवर गुन्ह्यांचे माहितीपट बघितले जातात. कुठे अमेरिकेतला खून, कुठे युरोपातलं अपहरण, कुठे युद्धात उद्ध्वस्त झालेलं गाव. दुपारची कामं आवरली की आपण बायकाही बघतो आणि भिशीला जमलो की रंगवून सांगतो, "खुनी कोण ते शेवटपर्यंत कळलंच नाही गं!" मी ज्या भोपाळमध्ये राहते, त्या शहरावरही जगभरातल्या लोकांनी माहितीपट केले आहेत. ते मात्र आपल्यापैकी फार थोड्यांनी बघितलेत. तिथेही खुनी कोण हा प्रश्न आहेच, पण त्याचं उत्तर एका नावात मावत नाही.

अशा गुन्ह्याची मोजणी करायची रीत आपल्याला पाठशाळेतच शिकवलेली असते. हिंसा तीन प्रकारे घडते: कृत, कारित आणि अनुमोदित. स्वतः केलेली, दुसऱ्याकडून करवलेली आणि कुणी केली तर तिला मान डोलावलेली. उमास्वामींनी तत्त्वार्थसूत्रात हिंसेची व्याख्या केली, तिच्यात तलवार नाही की विष नाही. तिथे शब्द आहे तो प्रमादाचा. बेसावधपणाने, बेफिकिरीने प्राण घेतला जातो ती हिंसा.

आता २ डिसेंबर १९८४ ची रात्र या मापाने बघा. युनियन कार्बाइडच्या कारखान्यात ६१० क्रमांकाच्या टाकीत सुमारे ४० टन मिथाइल आयसोसायनेट होतं. त्यात पाणी शिरलं आणि मध्यरात्रीच्या सुमारास वायू बाहेर पडू लागला. टाकी थंड ठेवणारी यंत्रणा त्या वर्षीच्या जूनपासूनच बंद होती. निसटलेला वायू जाळून टाकणारी मशाल दुरुस्तीसाठी सोडवून ठेवली होती. १९८१ च्या डिसेंबरात याच कारखान्यात विषारी वायूने एक कामगार दगावला होता. राजकुमार केसवानी हे पत्रकार १९८२ पासून आपल्या 'रपट' या छोट्या साप्ताहिकातून शहराला सावध करत होते. कुणी ऐकलं नाही. पहिल्या सरकारी मोजणीत मृतांचा आकडा २,२५९ होता. पुढे तो वाढत गेला, आणि पीडितांच्या संघटना सांगतात तो त्याच्या कितीतरी पट आहे.

कंपनीचं म्हणणं असं की कुणा कामगाराने मुद्दाम पाणी घातलं. म्हणजे 'कृत' तेवढं मोजायचं आणि 'कारित' सोडून द्यायचं. समजा, पाणी कुणी घातलंही, तरी थंड ठेवणारी यंत्रणा बंद कुणी ठेवली होती? खर्च वाचवायला कुणी सांगितलं होतं?

हा प्रश्न लवकर विचारणाऱ्यांत एक मराठी आडनावाची बाई होती, सुहासिनी मुळे. 'भुवन शोम'ची नायिका आणि 'लगान'मधली भुवनची आई म्हणून आपण त्यांना ओळखतो. दूरदर्शनवर लागणारं 'एक अनेक और एकता' करणाऱ्या विजया मुळे यांची ही मुलगी. तपन बोस आणि सलीम शेख यांच्यासोबत त्यांनी 'बियाँड जेनोसाइड' हा भोपाळवरचा माहितीपट केला. त्याला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. नंतर बाहेरचे लोक आले. २०११ च्या सुमाराला व्हॅन मॅक्सिमिलियन कार्लसन या अमेरिकन दिग्दर्शकाचा 'भोपाली' आला. त्यात वायूचे बळी आणि कारखान्याच्या कचऱ्याने नासलेलं पाणी प्यायलेल्या वस्त्यांमधली मुलं आहेत. त्या रात्रीनंतर कितीतरी वर्षांनी जन्मलेली, मान न सावरणारी, बोलू न शकणारी. आणि त्यांना मांडीवर घेऊन बसलेल्या आया.

अशा मुलांसाठी भोपाळमध्ये 'चिंगारी' हे केंद्र आहे. ते रशिदा बी आणि चंपादेवी शुक्ला या दोघींनी २००४ साली मिळालेल्या गोल्डमन पुरस्काराच्या पैशातून उभं केलं. एक मुसलमान, एक हिंदू, दोघीही वायूपीडित. १९८९ मध्ये याच बायका भोपाळहून दिल्लीपर्यंत महिनाभर पायी चालत गेल्या होत्या.

एक माहितीपट मात्र मला बेचैन करतो. ३ डिसेंबर २००४ ला, घटनेला वीस वर्षं झाली त्या दिवशी, बीबीसीवर डाऊ कंपनीचा प्रवक्ता म्हणून एक गृहस्थ आले. २००१ मध्ये कार्बाइड डाऊने विकत घेतली होती. ते म्हणाले, आम्ही सगळी जबाबदारी घेतो, १२ अब्ज डॉलर देतो. थोड्याच वेळात कळलं की माणूस तोतया आहे. 'येस मेन' नावाच्या अमेरिकन मंडळींनी हे केलं होतं, आणि त्यांच्या २००९ च्या माहितीपटात ते आहे. सत्यव्रताच्या हिशेबाने खोटं ते खोटंच, आणि पीडितांना क्षणभर आशा दाखवून ती काढून घेणं तर फार क्रूर. पण त्या तोतयाने जे सांगितलं, ते खऱ्या प्रवक्त्याने कधी सांगितलंच नाही, हेही त्याच दिवशी जगाला दिसलं.

कुणी म्हणेल, आपण अनेकांतवादी, कंपनीचीही बाजू ऐकावी. जरूर ऐकावी. पण अनेकांत म्हणजे खरं आणि खोटं एकाच तागडीत घालणं नव्हे. जी बाजू आजवर ऐकली गेली नाही, तिच्याशिवाय सत्य अपुरं राहतं, असा त्याचा अर्थ. कंपनीची बाजू न्यायालयात मोठमोठ्या वकिलांनी मांडली. १९८९ मध्ये ४७ कोटी डॉलरवर तडजोड झाली. वॉरन अँडरसन यांना ७ डिसेंबर १९८४ ला भोपाळमध्ये अटक झाली, त्याच दिवशी जामीन मिळाला, आणि २०१४ मध्ये अमेरिकेत वारले तोवर ते इथल्या न्यायालयापुढे उभे राहिले नाहीत. ७ जून २०१० ला भारतीय अधिकाऱ्यांना दोन वर्षांची शिक्षा झाली आणि लगेच जामीनही.

क्षमावाणीला आपण हात जोडून क्षमा मागतो आणि देतो. पण त्याआधी आलोचना असते, आपला दोष आपल्या तोंडाने सांगायचा असतो. भोपाळमध्ये दोष सांगायला कुणी आलंच नाही. मग त्या आयांनी क्षमा करायची तरी कुणाला?

२०२५ च्या जानेवारीत कारखान्यातला ३३७ टन कचरा पिथमपूरला नेला आणि जूनअखेर जाळून संपवला. वर्तमानपत्रांनी प्रकरण संपलं असं लिहिलं. कारखान्याच्या आसपासची माती आणि जमिनीखालचं पाणी मात्र तिथेच आहे.

म्हणून माझी एक सूचना आहे. येत्या ३ डिसेंबरला महिला मंडळात दुसरा कार्यक्रम ठेवू नका. 'भोपाली' लावा, सुनांना आणि कॉलेजातल्या मुलींना बोलवा. बघून झाल्यावर पाच मिनिटं बोला, आणि त्यांना विचारा: इथे कृत कुणाचं, कारित कुणाचं, आणि गप्प बसून झालेली अनुमोदना कुणाची?