गॅलिक आम्लाची कुळकथा

बाळगुटीच्या सहाणेवर उगाळलं जाणारं मायफळ झाडाला फळासारखं लागत नाही. ओकच्या कोवळ्या फांदीवर एक बारीक गांधीलमाशी अंडी घालते आणि तिच्या अळीभोवती झाडाच्या पेशी वाढून जी टणक गाठ होते, ते मायफळ. पश्चिम आशियातल्या उत्तम मायफळात निम्म्याहून अधिक वजन टॅनिनचं असतं. म्हणूनच ते तुरट लागतं. त्याच्या काढ्यात हिराकस घालून युरोपने शतकानुशतकं काळी शाई केली. पण हा काढा बरेच दिवस उघडा राहिला, की त्यावर बुरशीची साय धरते.

स्वीडनमधल्या कोपिंग गावचा औषधविक्रेता कार्ल विल्हेल्म शेले याने १७८६ मध्ये असाच काढा मुद्दाम ठेवून दिला. साय धरली आणि काही आठवड्यांनी तळाशी एक आम्ल साचलं, तेच गॅलिक आम्ल. टॅनिन पाण्यात सहज विरघळतं, गॅलिक आम्ल मात्र थंड पाण्यात फारसं विरघळत नाही. म्हणून ते आपोआप वेगळं झालं. शेले त्याच वर्षी वारला. आम्ल त्याच्या नावावर लागलं ते योग्यच, पण टॅनिनमधून ते सोडवलं कुणी हा प्रश्न पुढे ऐंशी वर्षं लोंबकळत राहिला.

मधल्या काळात मागणी वाढली ती फोटोग्राफीमुळे. १८४१ मध्ये टॅलबॉटने आपल्या कॅलोटाइप या फोटो काढण्याच्या पद्धतीत कागदावरचं अदृश्य चित्र उमटवायला गॅलिक आम्ल वापरलं. दहा वर्षांनी आर्चरच्या फोटोच्या काचपट्टीला त्याच आम्लापासून होणारं पायरोगॅलॉल लागू लागलं. तरी आम्ल बनवणाऱ्यांची समजूत हीच, की हवेतला ऑक्सिजन टॅनिनचं रूपांतर करतो.

ही समजूत मोडली पाश्चरच्या शिष्याने, फिलिप व्हान तिएगेमने, १८६७ मध्ये. बुरशीचे बीजाणू शिरू दिले नाहीत, तर हवा कितीही मिळो, टॅनिन तसंच राहतं, हे त्याने दाखवलं. काम करणाऱ्या बुरशींपैकी एक होती काळी अॅस्परजिलस नायजर. तिला हे नाव त्यानेच दिलं. त्याचं आणखी एक निरीक्षण मला जास्त मोलाचं वाटतं. बुरशी द्रवात बुडून वाढली तर आम्ल साचतं, पण पृष्ठभागावर मोकळ्या हवेत पसरली तर ती टॅनिन पुरतं जाळून संपवते. आजचा कारखानदारही याच दोन टोकांमध्ये हवेचं प्रमाण साधत असतो.

१९०० च्या सुमारास पॅरिसमध्ये या कामामागचं विकर हाती लागलं. त्याला टॅनेस म्हणू लागले. मायफळातल्या टॅनिनच्या रेणूत मध्ये ग्लुकोज असतं आणि त्याला गॅलिक आम्लाचे अनेक घटक जोडलेले असतात. टॅनेस पाण्याच्या साहाय्याने हे जोड एकेक करून तोडतं. सुटलेली साखर बुरशी खाते, आम्ल मागे उरतं. मात्र फार वेळ थांबलं तर ती आम्लावरही तुटून पडते, म्हणून घाणा वेळेवर उतरवावा लागतो.

आता या एकाच आंबवणीतून दोन माल निघतात. टॅनेस इन्स्टंट चहात घालतात. थंड झाल्यावर चहावर येणारा गढूळपणा त्याने जातो. गॅलिक आम्लापासून तेल खवट होऊ न देणारं प्रोपिल गॅलेट बनतं, आणि ट्रायमेथोप्रिम हे जंतुनाशक औषधही. सल्फासोबत त्याची गोळी आपल्या सरकारी दवाखान्यांत सर्रास दिली जाते.

आपल्याकडे टॅनिनसाठी मायफळ आयात करायची गरज नाही. हिरडा आहे. जुन्नर-आंबेगावच्या डोंगरांत महादेव कोळी कुटुंबं कोवळा बाळहिरडा गोळा करून वाळवतात आणि विकतात. खरगपूरच्या आयआयटीतल्या संशोधकांनी हिरड्याच्या टॅनिनवर ऱ्हायझोपस आणि अॅस्परजिलस या बुरशी वाढवून टॅनेस आणि गॅलिक आम्ल दोन्ही काढून दाखवली आहेत. पद्धतीला अवाढव्य यंत्रं लागत नाहीत. ओलसर भरड, सुमारे तीस अंश तापमान आणि बुरशीची जाण असलेला माणूस लागतो. हिरडा पोत्याच्या भावाने डोंगर उतरतो, तो आम्ल होऊन उतरावा. जुन्नरच्या विज्ञान महाविद्यालयांनी आणि आदिवासी सहकारी संस्थांनी हा प्रयोग एकत्र हाती घ्यावा.