विक्का

* विक्का : निसर्गालाच पवित्र मानणारा, विसाव्या शतकात इंग्लंडमध्ये आकाराला आलेला धर्म. मलायातून निवृत्त होऊन आलेले जकात अधिकारी जेराल्ड गार्डनर यांनी १९५४ साली ‘विचक्राफ्ट टुडे’ या पुस्तकातून तो लोकांपुढे मांडला. चेटूकविरोधी जुना कायदा इंग्लंडमध्ये १९५१ मध्येच रद्द झाला होता. हा पंथ ख्रिस्तपूर्व काळापासून गुप्तपणे चालत आला, हे गार्डनर यांचे म्हणणे इतिहासकारांनी मान्य केलेले नाही. त्याच्या बऱ्याच प्रार्थना तर डोरीन व्हॅलिएन्टे यांनी नव्याने रचल्या. नवा म्हणून तो खोटा मात्र ठरत नाही.

शिंगे असलेला देव आणि चंद्रकलांप्रमाणे कुमारी, माता, वृद्धा अशी रूपे घेणारी देवी, ही यातली मुख्य दैवते. सैतानाला इथे जागाच नाही.

वर्षात आठ सण : दोन अयनदिन, दोन विषुवदिन आणि त्यांच्या मधले चार. ऑस्ट्रेलियातले बरेच अनुयायी हे चक्र सहा महिन्यांनी सरकवतात. ऐन थंडीतला यूल तिथे जूनमध्ये येतो. पंचांगापेक्षा डोळ्यांपुढचा ऋतू खरा, ही श्रद्धा त्यात स्पष्ट दिसते.

पूजेआधी वर्तुळ आखून चारही दिशांना आवाहन करतात. काळ्या मुठीच्या दुधारी सुरीने सहसा काही कापत नाहीत. तिचे टोक वाइनच्या पेल्यात अलगद बुडवायचे, मग पेला हातोहात फिरतो.

अमेरिकेत २००७ पासून विक्कन सैनिकांच्या सरकारी थडग्यांवर वर्तुळातली पंचकोनी चांदणी कोरता येते. त्यासाठी कुटुंबीयांना कोर्टात जावे लागले होते.