नव्या स्पोर्ट्स कारला खालून अँटी-रस्ट कोटिंग करावं का? कोलशेतकरांसाठी खरं उत्तर

नवी गाडी बुक केली की शोरूमच्या कोटेशनमध्ये इन्शुरन्स आणि ॲक्सेसरीजच्या खाली एक ओळ हमखास असते: अंडरबॉडी अँटी-रस्ट कोटिंग. त्यात तुम्ही कोलशेत, ढोकाळी किंवा बाळकुमला राहत असाल, तर "खाडीजवळ राहता, पत्रा सडेल" हे ऐकावं लागतंच. गाडी पोर्शे, मस्टँग किंवा बीएमडब्ल्यू एम२ असेल तर धास्ती आणखी वाढते.

आधी उत्तर सांगून टाकू. कंपनीतून आलेल्या नव्या स्पोर्ट्स कारला वरून काळं कोटिंग मारून घेण्याची सहसा गरज नसते. चुकीचं कोटिंग तर नुकसानही करतं.

मग ही भीती आली कुठून?

एक म्हणजे जुन्या गाड्यांच्या आठवणीतून. ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईच्या रस्त्यावरून टॅक्सी म्हणून कायमची गेलेली प्रीमियर पद्मिनी ज्यांच्या घरी होती, त्यांना पायाखालचा कुजलेला पत्रा आणि त्यावर मारलेली ठिगळं आठवत असतील. तेव्हाचा पत्रा साधा लोखंडी होता आणि त्याला आधार फक्त रंगाचा.

दुसरं म्हणजे परदेशी व्हिडिओ. युरोप-अमेरिकेच्या थंड भागांत बर्फ वितळवण्यासाठी रस्त्यावर मीठ टाकतात. तो खारा चिखल महिनोन्‌महिने गाडीच्या पोटाला चिकटून राहतो. तिथे अंडरकोटिंगचा सल्ला योग्यच आहे, पण घोडबंदर रोडवर खड्डे आहेत, मेट्रोच्या कामाचा चिखल आहे, मीठ मात्र नाही.

आता पत्रा बदललाय

आजच्या चांगल्या गाड्यांच्या पत्र्यावर झिंकचा, म्हणजे जस्ताचा थर असतो. झिंकची गंमत अशी, की ओरखडा पडून लोखंड उघडं पडलं तरी आधी झिंक स्वतः झिजतं आणि शेजारच्या लोखंडाला वाचवतं. पोर्शेने १९७६ च्या मॉडेलपासून ९११ ला असा पत्रा वापरला. त्यावर अख्खी बॉडी प्रायमरच्या टाकीत बुडवतात आणि विजेच्या साहाय्याने तो थर सांदीकोपऱ्यात बसवतात. सांध्यांवर सीलर, चाकांच्या आतल्या बाजूला दगडांचा मार सोसणारा थर असतो. सध्याच्या स्पोर्ट्स कारमध्ये ॲल्युमिनियमही भरपूर असतं. जग्वार एफ-टाइपची बॉडी तर ॲल्युमिनियमचीच. खालून बघितलं तर बऱ्याचदा पत्रा दिसतच नाही, हवा नीट कापली जावी म्हणून प्लॅस्टिकची सपाट पॅनल लावलेली असतात. गॅरेजवाला फवारा मारतो तो अनेकदा त्या प्लॅस्टिकवर. प्लॅस्टिकला गंज चढत नाही, हे वेगळं सांगायला नको!

आणि खाडीचं काय?

हवेत मीठ उडतं ते मुख्यतः फुटणाऱ्या लाटांमुळे, आणि किनाऱ्यापासून आत आलं की त्याचं प्रमाण झपाट्याने उतरतं. कोलशेतची खाडी संथ आहे, तिथे लाटा फुटत नाहीत. समुद्र आणि कोलशेत यांच्या मध्ये येऊरचा डोंगर आहे. वरळी सी-फेसला रात्रंदिवस उघड्यावर उभी राहणारी गाडी आणि कोलशेतच्या टॉवरच्या पोडियममधली गाडी यांत खूप फरक आहे.

पावसाळ्यातला दमटपणा मात्र खरा आहे. आठवडाभर उभी असलेली गाडी शनिवारी काढताना ब्रेक डिस्कवर नारिंगी थर दिसतो आणि पोटात गोळा येतो. घाबरू नका, दोन-चार ब्रेक मारले की तो निघून जातो. डिस्कवरचा गंज पाहून बॉडी सडते आहे असं समजणं चूक.

कोटिंगने बिघडतं कसं?

डांबरी किंवा रबरी कोटिंग काही वर्षांनी सुकतं, त्याला बारीक भेगा पडतात. त्यातून आत गेलेलं पाणी बाहेर पडत नाही. वरून सगळं काळं, छान दिसतं आणि आत गंज शांतपणे पसरतो. त्याहून वाईट म्हणजे पाणी निचरण्यासाठी ठेवलेली भोकं घाईत बुजवली जातात. निचरा अडला की काय होतं, याचा धडा माझदा एमएक्स-५ च्या जुन्या मॉडेलमध्ये मिळतो. कापडी छताच्या पाण्याच्या वाटा तुंबल्या की दाराखालच्या पोकळ भागात पाणी साचायचं आणि पत्रा आतून सडायचा. खालून कितीही कोटिंग मारलं असतं तरी उपयोग नव्हता. फवारा सायलेन्सर, सेन्सर किंवा ब्रेकच्या भागांवर गेला तर वेगळाच ताप, शिवाय वॉरंटीवरून वाद.

मग कुणी करावं?

गाडी जुनी, आयात केलेली किंवा साध्या पत्र्याची असेल, समुद्राला लागून उघड्यावर उभी राहत असेल, किंवा १५ वर्षांची नोंदणी संपल्यावरही ठेवायची असेल, तर विचार करा. तेव्हाही डांबरी थर टाळून मेणासारखं पातळ, आत झिरपणारं आणि दर एक-दोन वर्षांनी पुन्हा मारायचं कोटिंग घ्या. आधी खालचा भाग धुऊन पूर्ण वाळवलेला हवा. त्याच संध्याकाळी गाडी परत देतो म्हणणाऱ्याकडे जाऊ नका.

बाकीच्यांनी पावसाळा संपला की गाडी लिफ्टवर चढवून घ्यावी. स्पोर्ट्स कार बसकी असते, स्पीडब्रेकरवर पोट घासतं आणि कंपनीचा थर तिथेच खरवडला जातो. तेवढ्याच जागा साफ करून प्रायमर आणि सीलर लावला की काम होतं. बेसमेंटमध्ये पाणी शिरलं असेल तर पॅनल उघडून आतला गाळ काढायला सांगा. आणि सोसायटीत गाडी बोअरवेलच्या पाण्याने धुतली जात असेल तर ते पाणी आधी चाखून बघा. खाडीकाठी ते मचूळ असू शकतं, म्हणजे हवेतून न आलेलं मीठ आपणच रोज सकाळी बादलीने घालतो. असं असेल तर शेवटचा हात नळाच्या पाण्याचा फिरवायला सांगा, आणि गाडी वाळल्याशिवाय कव्हर घालू नका.